तुरुंगातली बातमी आधी तुरुंगच वाचतो

मागच्या एपिसोडचं लिखित रूप नेहमीप्रमाणे इथे देतोय. बोलताना जे ‘म्हणजे काय की’ जास्त झाले होते ते काढून टाकलेत, दोन-तीन ठिकाणी निकालांची वर्षं नीट घातलीत. आणि हो, मध्येच जो लोकलचा भोंगा ऐकू येतो त्याला इलाज नाही. कात्रपमध्ये रात्री साडेअकराला रेकॉर्ड केलं तरी तो येतोच.

विषय अंबरनाथच्या एका श्रोत्याच्या प्रश्नातून निघाला. त्यांनी विचारलं होतं, “जेलमधल्या गुंडाची मुलाखत टीव्हीवर दिसते, मग एखाद्या पत्रकाराला आत जाऊन जेवण कसं मिळतं एवढं साधं दाखवता का येत नाही?” प्रश्न एका ओळीचा होता. मी सुट्टीचे दोन दिवस निकाल आणि परिपत्रकं वाचत बसलो, तरी उत्तर एका ओळीत बसेना.

आधी हे आपल्या कामाचं का, ते सांगतो. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातल्या माणसाला न्यायालयीन कोठडी मिळाली की बहुतेक वेळा त्याची रवानगी कल्याणच्या आधारवाडीला किंवा तळोज्याला होते. आधारवाडीची अधिकृत क्षमता ५४० च्या आसपास, आणि गेल्या काही वर्षांत तिथे कित्येकदा त्याच्या तिपटीहून जास्त माणसं होती. आत असलेले सगळे गुन्हेगार आहेत असंही नाही. २०२२ अखेरची देशाची सरकारी आकडेवारी बघा: तुरुंगांत ५,७३,२२० माणसं, त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांवर अजून गुन्हा सिद्ध व्हायचाय.

आणि २०२४ आपण कुणीच विसरलेलो नाही. ऑगस्टमधला तो रेल रोको, त्यामागचं ते शाळेचं प्रकरण. त्यातला आरोपी तळोज्याला होता. २३ सप्टेंबरला त्याला तिथून बाहेर काढलं आणि मुंब्र्याजवळ पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून तो मेला. त्या माणसाबद्दल गावात कुणाला कळवळा नव्हता, मलाही नाही. कळवळा हा मुद्दाच नाहीये. बंद गाडीत काय झालं याची पोलिसांनी सांगितलेली गोष्ट सोडून दुसरी गोष्ट आपल्यापर्यंत आली ती जानेवारी २०२५ मध्ये, दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल हायकोर्टासमोर आला तेव्हा. त्यात पोलिसांच्या स्वसंरक्षणाच्या दाव्यावर शंका घेतली होती. खटला चालला असता तर पीडित मुलींच्या आईवडिलांना कोर्टाचा निकाल मिळाला असता, तो कायमचा राहिला. कोठडीच्या भिंतीमागे काय होतं हे कळायला फार थोडे मार्ग आहेत, आणि त्यातला पत्रकाराचा मार्ग कसा बांधलाय ते आज बघू.

तुरुंग हा विषय घटनेनुसार राज्यांचा. तरी जुलै २०१५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने सगळ्या राज्यांना एक सल्लापत्र पाठवलं, की पत्रकार, संस्था, कंपन्या, संशोधक यांना तुरुंगात कसं सोडायचं. सुरुवातच अशी की सर्वसाधारणपणे सोडायचंच नाही. लेख, मुलाखत किंवा माहितीपटातून समाजावर ‘सकारात्मक परिणाम’ होईल असं राज्य सरकारला वाटलं, तर सोडावं. इथेच जरा थांबा. ‘सकारात्मक’ म्हणजे काय? डाळीत पाणी जास्त असतं ही बातमी सकारात्मक की नकारात्मक? आत राहणाऱ्याला विचारलं तर अगदी सकारात्मक, कारण छापून आल्यावर कदाचित डाळ घट्ट होईल. पण तिथे ठरवणारा तो नाही.

पुढची वाट अशी. भेटीच्या तीस दिवस आधी अर्ज. हमीपत्र. एक लाख रुपये अनामत. ज्या कैद्याशी बोलायचं त्याची संमती. आत जाताना कामापुरता कॅमेरा किंवा रेकॉर्डर चालेल, पण मोबाईल, कागद, पुस्तक, पेन नाही. (पत्रकाराला पेन नाही!) मुलाखतीला अधीक्षक हजर, आणि त्यांना काही वावगं वाटलं तर ते मध्येच थांबवू शकतात. काम संपलं की सगळी उपकरणं तीन दिवस अधीक्षकांच्या ताब्यात द्यायची. ते सगळं बघणार, ऐकणार आणि आक्षेपार्ह वाटेल ते पुसून टाकणार. त्यानंतर तुम्ही घरी येऊन एडिट करून जे तयार कराल, तेही तुरुंग विभागाच्या प्रमुखांना दाखवायचं आणि ना-हरकत मिळाल्याशिवाय प्रसिद्ध करायचं नाही.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, म्हणून मला हे असं दिसतं. आमच्याकडे कोड लिहिला की दुसरा कुणीतरी तो तपासतो, मगच तो पुढे जातो. तपासणीला माझा विरोध नाही, तपासणीवर तर माझं पोट चालतं. पण ज्याच्या मॉड्यूलमध्ये बग सापडलाय त्यालाच बग-रिपोर्ट मंजूर करायला दिला, वर ‘तुला नको त्या ओळी तू उडव आणि काय उडवलंस त्याची नोंद ठेवायची गरज नाही’ असं सांगितलं, तर त्या सिस्टिममध्ये बग कधीच दिसणार नाहीत. डॅशबोर्ड कायम हिरवा. वाईट अधिकारी असायचीही गरज नाही. भला अधीक्षकसुद्धा आपल्या तुरुंगातल्या गळक्या संडासाचं फुटेज ‘सुरक्षेच्या दृष्टीने’ उडवील. माणूस आहे तो.

हे सल्लापत्र आलं कुठून? २०१५ चा मार्च आठवा. लेस्ली उडविन यांचा ‘इंडियाज डॉटर’ हा दिल्लीतल्या २०१२ च्या प्रकरणावरचा माहितीपट. त्यात तिहारमध्ये एका दोषीची मुलाखत घेतली होती, आणि तो जे बोलला ते ऐकून देश हादरला. भारतात प्रसारणावर बंदी आली, बीबीसीने ४ मार्चला ब्रिटनमध्ये दाखवलाच. परवानगीच्या अटी पाळल्या की नाही, फुटेज पूर्ण दाखवलं की नाही, यावर मंत्रालय आणि दिग्दर्शिका यांच्यात जाहीर वाद झाला. काही महिन्यांनी हे सल्लापत्र. एका माहितीपटात गोची झाली म्हणून देशभरच्या तुरुंगांना हा साचा. आमच्याकडेही एकदा प्रॉडक्शन पडलं की मॅनेजर सगळ्यांचेच ॲक्सेस काढून घेतो, तसलंच.

पण ही गोष्ट २०१५ ला सुरू होत नाही. खरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली, १९८२ ची आहे, आणि मला वाटतं ती आपल्याकडे शाळेत शिकवायला हवी.

शीला बर्से या मुंबईतल्या मुक्त पत्रकार. त्यांनी राज्यातल्या स्त्री कैद्यांच्या मुलाखती घ्यायची परवानगी मागितली. मे १९८२ मध्ये कारागृह महानिरीक्षकांनी ती दिली: मुंबई, येरवडा आणि कोल्हापूर. बर्से टेपरेकॉर्डर घेऊन मुंबईच्या तुरुंगात गेल्या. टेप नको, टिपणं काढा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी आक्षेप घेतल्यावर तोंडी होकार मिळाला. मग काही दिवसांनी परवानगीच काढून घेतली गेली. कारण काय, तर अशी परवानगी प्रथेप्रमाणे संशोधकांना देतात.

त्या मधल्या थोड्याशा दिवसांत, ११ ते १७ मे, बर्से पंधरा बायकांशी बोलल्या होत्या. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं की पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. लक्षात घ्या, मारहाणीचा आरोप तुरुंगावर नाही, त्याआधीच्या पोलीस लॉकअपवर होता. लॉकअपमध्ये असताना त्या बोलूच शकल्या नसत्या. तुरुंगात आल्यावर, पोलिसांपासून लांब, एक बाई समोर टेप घेऊन बसली तेव्हा त्या बोलल्या.

बर्सेंनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. कोर्टाने पत्रालाच याचिका मानलं आणि मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना आत पाठवून अहवाल मागवला. १५ फेब्रुवारी १९८३ ला न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाचा निकाल आला. स्त्रियांसाठी वेगळे लॉकअप, पहारा महिला शिपायांचा. स्त्रीची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच. अटक झाली की नातेवाइकांना कळवायचं, कायदेशीर मदत समितीला कळवायचं. अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहून प्रत्येक लॉकअपमध्ये लावायचे. शहरातल्या लॉकअपना न्यायाधीशांनी अचानक भेटी द्यायच्या. आज एखाद्या मुलीला पोलीस ठाण्यात नेलं आणि आपण बिनधास्त विचारतो ना, “लेडी कॉन्स्टेबल कुठाय?”, त्या प्रश्नामागच्या निकालांत हा एक महत्त्वाचा. पंधरा मुलाखतींतून आला. परवानगी आठवडाभर आधी काढून घेतली असती तर?

आणि परवानगी काढून घेतल्याचं काय झालं? तो वेगळा खटला. त्याचा निकाल लागला सप्टेंबर १९८७ मध्ये. पाच वर्षांवर काळ गेला, एका टेपरेकॉर्डरसाठी. न्यायालयाने तत्त्व म्हणून पत्रकारांना मुलाखतीचा मार्ग मोकळा ठेवला, पण अटींसह: कैद्याची राजीखुशी हवीच, टेप करायचं तर खास परवानगी हवी, मिळालेली माहिती छापण्याआधी साधारणपणे तुरुंगाच्या अधिकाऱ्यांकडे पडताळून घ्यावी. बर्सेंना नव्याने अर्ज करायची मोकळीक.

‘पडताळून घ्यावी’ हा शब्द मला नीट उलगडून बघावासा वाटतो, कारण सगळी मेख त्यात आहे. पडताळणी म्हणजे, “साहेब, अमुक बाई असं म्हणाली, तुमचं म्हणणं काय?” आणि साहेबांचं म्हणणंही छापायचं. हे कुठल्याही चांगल्या पत्रकाराने करावंच. मंजुरी म्हणजे, “साहेब, हे छापू का?” १९८७ च्या निकालात पहिली गोष्ट आहे. २०१५ च्या सल्लापत्रात दुसरी.

मध्ये अजून दोन निकाल येतात. बर्सेंच्याही आधीचा प्रभा दत्त यांचा. त्या हिंदुस्तान टाइम्सच्या पत्रकार, त्यांना फाशीची शिक्षा झालेल्या बिल्ला आणि रंगा यांच्याशी बोलायचं होतं. तिहारने नाही म्हटलं. सरन्यायाधीश आपले यशवंतराव चंद्रचूड. त्यांनी सांगितलं, पत्रकारांना माहितीच्या साधनांवर अमर्याद हक्क नाही, पण कैदी तयार असेल तर ठोस कारण दिल्याशिवाय नकार देता येणार नाही. मुलाखतीची परवानगी मिळाली. ३१ जानेवारी १९८२ ला दोघांना फाशी झाली.

दुसरा १९९४ चा, तमिळनाडूचा. ऑटो शंकर या फाशीच्या कैद्याने तुरुंगात आत्मचरित्र लिहिलं. त्यात बड्या अधिकाऱ्यांशी असलेल्या संबंधांचे दावे होते. ‘नक्कीरन’ साप्ताहिक ते छापणार म्हटल्यावर तुरुंग महानिरीक्षकांनी पत्र पाठवलं, छापू नका. सुप्रीम कोर्टाने स्वच्छ सांगितलं की बदनामी होईल या भीतीने सरकारला किंवा अधिकाऱ्यांना छपाईआधी बंदी घालता येत नाही. छापून झाल्यावर खोटं वाटलं तर दावा लावा.

मग २०१५ चं सल्लापत्र या निकालात कसं बसतं? मी वकील नाही, पण वाचून मला जे कळलं ते सांगतो. सरकार इथे थेट ‘छापू नका’ म्हणत नाही. ते म्हणतं, “आत यायचंय? मग या अटींवर सही करा.” दरवाजा त्यांचा, म्हणून अट त्यांची. सेन्सॉरशिप कायद्यात नाही, टर्म्स ॲण्ड कंडिशन्समध्ये आहे. आपण ॲप टाकताना न वाचता ‘आय ॲग्री’ दाबतो त्याची थोरली बहीण. ब्रिटनमध्ये याच वळणाचा खटला झाला होता. तिथे कैद्याला भेटणाऱ्या पत्रकाराकडून ‘ऐकलेलं वापरणार नाही’ असं लिहून मागत. १९९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सिम्स खटल्यात सांगितलं, की आपल्याला चुकीची शिक्षा झाली असं म्हणणाऱ्या कैद्याला पत्रकाराशी बोलण्यापासून असं सरसकट अडवता येणार नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. तुरुंगाच्या आतला नकाशा, कुलपांची रचना, साक्षीदार कुठल्या बराकीत आहे, हे बाहेर येऊ नये, मान्य. कैद्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखून त्याला तमाशा बनवू नये, हेही मान्य. बराकीत माणसाला ‘नाही’ म्हणणं सोपं नसतं, म्हणून संमतीचा आग्रह योग्यच. आणि पीडितेच्या घरच्यांनी बलात्काऱ्याचं तत्त्वज्ञान प्राइम टाइमला का ऐकावं? या सगळ्याला नियम हवेत.

पण नियम अडवतात कुणाला ते बघा. मार्च २०२३ मध्ये लॉरेन्स बिश्नोईच्या मुलाखती टीव्हीवर आल्या, तो कोठडीत असताना. पंजाब-हरियाणा हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. तपासात निघालं की एक मुलाखत पंजाबात खरडला पोलिसांच्याच आवारातून झाली होती. कुठला अर्ज, कुठलं हमीपत्र, कुठली अनामत! अंबरनाथच्या दादांच्या प्रश्नाचं हे अर्धं उत्तर. परवानगीची चाळण बारीक आहे, पण ती पुढच्या दाराला लावलेली आहे. मागच्या दाराने जाणाऱ्याला लागते ती ओळख आणि पैसा.

जाता जाता कायद्यातली एक गंमत. १८९४ चा तुरुंग कायदा, कलम ४२. नियम मोडून कैद्याशी संपर्क साधला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चोरून बोललात तर दंड दोनशे, रीतसर विचारून बोलायचं तर अनामत एक लाख.

आणि आपल्या सरकारला तुरुंग दाखवायला आवडत नाही असंही नाही बरं का. २६ जानेवारी २०२१ ला येरवड्यात ‘जेल पर्यटन’ सुरू झालं. गांधीजींना ठेवलं ती जागा, पुणे करार झाला ती जागा. शाळेच्या मुलांना पाच रुपये, कॉलेजला दहा, बाकीच्यांना पन्नास. मोबाईल-कॅमेरा बाहेर. कल्पना चांगलीच आहे, मलाही जायचंय. फक्त १९३२ चा तुरुंग बघायला पन्नास रुपये लागतात आणि आजचा बघायला एक लाख, एवढंच. योजना जाहीर करणारे गृहमंत्री अनिल देशमुख त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्वतः आत गेले, वर्षभराहून जास्त काळ राहिले, आणि बाहेर येऊन त्यांनी पुस्तक लिहिलं.

पुस्तकावरून आठवलं, आत जाऊन आलेल्याचं लिखाण हा आपल्याकडचा फार जुना मार्ग. आगरकर आणि टिळक १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस होते, आगरकरांनी बाहेर येऊन त्यावर पुस्तकच काढलं. टिळकांना पुढे मंडालेत लिहायला मिळालं ते पानं मोजून क्रमांक घातलेल्या वह्यांत, शाई नाही, शिसपेन्सिल. १९१४ मध्ये सुटले तेव्हा ‘गीतारहस्या’च्या वह्या सरकारने तपासायला ठेवून घेतल्या होत्या, त्या नंतर परत दिल्या. अलीकडे संजय राऊतांचं ‘नरकातला स्वर्ग’ आलं, २०२५ मध्ये. पक्ष कुठलाही असो, नेता आत गेला की आर्थर रोडच्या बराकीचं वर्णन आपल्याला मिळतं. अडचण एकच: मोबाईल चोरीच्या केसमध्ये आठ महिने आत राहिलेल्या उल्हासनगरच्या पोराला प्रकाशक मिळत नाही.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंचा मुलगा असाच काही महिने आत होता. कुठे ते सांगत नाही. मी काकूंना विचारलं, तो काय सांगायचा? त्या म्हणाल्या, “अरे मुलाकतीत काय सांगणार? काचेपलीकडून फोनवर ‘मी बरा आहे, तू गोळ्या घे’ एवढंच. नि आता बाहेर आल्यावर तो विषयच काढू देत नाही.”

मग बातमी येते कुठून? बऱ्याचदा कोर्टातून. तळोज्यात गौतम नवलखांना वुडहाउसचं विनोदी पुस्तक सुरक्षेच्या कारणाने नाकारलं, हे जगाला कळलं ते एप्रिल २०२२ मध्ये हायकोर्टात वकिलांनी सांगितलं म्हणून. न्यायमूर्तींनाही ते हास्यास्पद वाटलं. खुल्या न्यायालयात बोललेलं छापायला कुणाची ना-हरकत लागत नाही.

आणि दुसरा मार्ग कागदांचा. सुकन्या शांता, मुंबईच्या पत्रकार. त्यांनी २०२० मध्ये तुरुंगातल्या जातीवर लिहिलं. सुटून आलेल्या माणसांशी बोलल्या आणि राज्याराज्यांचे तुरुंग मॅन्युअल वाचले. झाडू कुणी मारायचा, स्वयंपाक कुणी करायचा, हे जातीवरून ठरवणारी कलमं चक्क छापील नियमांत होती! दरवाजा उघडायची गरजच पडली नाही. त्या स्वतः याचिका घेऊन सुप्रीम कोर्टात गेल्या आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला कोर्टाने ती कलमं घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. प्रभा दत्तना मुलाखत मिळवून देणाऱ्या चंद्रचूडांचे चिरंजीव.

मला विचाराल तर तपासणी पूर्ण काढून टाका असं मी म्हणणार नाही. तपासा, पण फक्त सुरक्षेसाठी, आणि ‘सुरक्षा’ म्हणजे काय त्याची यादी आधी लिहून ठेवा. काही उडवलंत तर किती मिनिटं आणि का, ते लेखी द्या, मूळ फुटेज पुसू नका, सीलबंद ठेवा. आक्षेप असेल तर निर्णय जिल्हा न्यायाधीशांकडे जाऊ द्या. तसेही ते तुरुंगाला भेट देतातच. नकाराला मुदत ठेवा. यातलं काहीही अवघड नाही, आमच्या कंपनीत साध्या कॉन्फिग बदलाला यापेक्षा जास्त नोंदी लागतात.

दहा रुपयांचं शुल्क भरून मी पुण्याच्या कारागृह मुख्यालयाला माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइन टाकलाय. तीन प्रश्न: गेल्या पाच वर्षांत पत्रकारांचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, आणि मंजूर झालेल्यांपैकी किती जणांच्या फुटेजमधून काही काढायला लावलं. मुदत तीस दिवसांची आहे. उत्तर आलं की ते जसंच्या तसं वाचून दाखवेन, आणि नकार आला तर तोही वाचेन. तुमच्यापैकी कुणी तुरुंगात काम केलं असेल, शिपाई म्हणून, डॉक्टर म्हणून, शिक्षक म्हणून, तर मला व्हॉइस नोट पाठवा. नाव घेणार नाही. पुढच्या वेळी बारवी धरणाच्या पाण्याचा हिशोब, तो एपिसोड लांबलाय, माहितीये मला.